रविवारपर्यंत सांगतो

रविवारपर्यंत सांगतो, म्हणालो नेरिसला.
ती निघालीय कॅल्गरीला, नव्या नोकरीवर,
तिथल्या फ्लॅटच्या करारात, सातव्या कलमात,
प्राण्यांना मज्जाव आहे.
कुणीतरी कुठेतरी एक कलम टाइप केलं
आणि इथे, बेथेस्दात, एक ससा बेघर झाला.

नाव त्याचं ट्रिओग. वेल्शमध्ये काकवी.
रंगही तोच, कढईच्या तळाशी चिकटून राहिलेला,
उन्हात धरला की कडांना तांबूस.
जात रेक्स, वय चार.
"हात तर लावून बघा, एमरिस."

लावला.
चौतीस वर्षं बँगोरच्या बसचं चाक धरलेला हात,
त्याला माहीत होतं रबर, डिझेल, सुट्टे पैसे
आणि मायरचे केस, शेवटच्या वर्षी उरले होते तेवढे.
हे वेगळं होतं.
मखमल म्हणावं, तर मखमलीला ऊब नसते.
बोटं शेपटीकडून डोक्याकडे नेली
तरी केस रुसून उभे राहिले नाहीत,
जणू या जिवाला उलटी बाजूच दिलेली नाही.
मिशा तेवढ्या वेड्यावाकड्या,
जळून वळलेल्या दोऱ्यांसारख्या.

मग त्यानं मागचा पाय आपटला. एकदाच.
सगळी शेड दणाणली.
सशाचं काळीज नेमकं कुणाच्या छातीत होतं
ते त्या क्षणी सांगता आलं नसतं.

घरी येऊन विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला.
सुकं गवत. लस. डॉक्टरची फी, गाडीभाड्यासकट.
पायाखाली मऊ काहीतरी, कारण या जातीच्या तळव्यांवर केस विरळ,
टणक जमिनीवर टाचा सोलवटतात,
आणि माझ्या स्वयंपाकघरात सगळी स्लेटची फरशी,
समोरच्या डोंगरातून निघालेली, जानेवारीत बुटांतूनही चावणारी.
शेवटी वजाबाकी:
दहा वर्षं जगला, तर उरली सहा.
मी एकाहत्तर.
पुढची बेरीज केली नाही. येते मला.

पुतण्या ओवाइन फोनवर म्हणाला,
"आणि काका, तुमच्यानंतर?"
सरळ मुलगा. सरळच विचारतो.
म्हटलं, माझ्यानंतरचं सगळे विचारतात,
त्याच्यानंतर माझं काय, ते कुणी विचारत नाही.
बराच वेळ त्याच्याकडची किटली तेवढी ऐकू येत राहिली.

मायर असती तर प्रश्नच नव्हता.
तिला केसांनी शिंका यायच्या.
कुत्र्याचा वाद मी हरलो, मांजराचा हरलो,
एकदा तर कासवाचाही, ज्याला केस नसतात.
आता कबूल करतो,
हरणं सोयीचं होतं.
मला हवं होतं असं म्हणायला मिळायचं,
आणि सकाळी उठून कुणाची घाण काढावी लागायची नाही.
आता घरात नाही म्हणायला कुणी नाही.
तेही काम माझ्याच गळ्यात.

अजून काही ठरलेलं नाही.
शनिवारी रेडिओची वायर जमिनीवरून उचलून
खिळ्यांवर वर टांगली. ती तशीही पायात यायची.
माळ्यावरची लोकरी चटई झटकली,
फरशीवर अंथरली, मोजे काढले,
दारापासून चुलीपर्यंत आणि परत, असा दोनदा चाललो.
दुपारी चॅपलच्या भिंतीकडे डँडेलियनची पानं खुडताना
मिसेस प्रॉसरनी गाठलं.
सॅलडसाठी, म्हणालो.
मला ओळखतात त्या पन्नास वर्षं.
"हो का," म्हणाल्या, आणि आपल्या बाजूची चार पानं
माझ्या टोपीत टाकली.

रात्री दिवा मालवला.
अंधारात उभं राहून एकदा टाच आपटून पाहिली.
चटईमुळे आवाज आला नाही.